हेइक्कीच्या दिवसाची शिल्लक

मी, आउने लाम्पिनेन, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा थंडीच्या बुटांची विक्री, राहणार क्विन्सी स्ट्रीट, हॅनकॉक, मिशिगन, दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणही शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. या महिन्याच्या वीस तारखेला मिलवॉकीचे डॉक्टर ती बदलणार आहेत. त्यातून मी उठेन किंवा उठणार नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट गेले तीन आठवडे मीच सगळ्यांवर दडपण आणते आहे, असे माझी भाची म्हणते.

१९७१ साली केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात दुकान माझा भाचा रेइनो याला दिले होते. ते लिहिताना मी थकले होते. आज थकलेली नाही. एकोणीस जानेवारीला मी माझ्याच दुकानात, माझ्याच धंद्यात, सगळ्या गावासमोर हरले, आणि तेव्हापासून मला रात्री झोप येत नाही, सकाळ कधी होते याची वाट बघते.

कलम १. क्विन्सी स्ट्रीटवरची दुमजली इमारत, तीतला सर्व माल, फळ्या, पायाचे माप घ्यायची पट्टी, दारावरची पाटी आणि गिऱ्हाइके, हे सर्व मी माझी दिवंगत बहीण लेम्पी हिची मुलगी सेन्या हार्यू हिला देते. वकील साल्मेला, जे हे टंकत आहेत, म्हणतात की गिऱ्हाइके देता येत नाहीत. मान्य. ती मिळवावी लागतात. सेन्याने मिळवली. कशी, ते पुढे येते. कोर्टाला घाई असेल तर त्याने थेट कलम सहाकडे जावे, पण मग त्याला काही समजणार नाही.

कलम २. दुकानाची पूर्वपीठिका. हे दुकान माझ्या वडिलांनी १९२१ साली काढले. त्याआधी ते तांब्याच्या खाणीत होते. तेरा सालच्या संपानंतर त्यांना कोणी खाणीत उतरू दिले नाही, तेव्हा त्यांनी तोइवोला या खेड्यात झाडांचे बुंधे उपटून शेत केले आणि दोन गाई ठेवल्या. गवत, गाई आणि हिवाळा यांचे गणित त्यांना पक्के येत होते. आमच्या फिनिश लोकांत एकोणीस जानेवारी हा हेइक्कीचा दिवस. त्या दिवशी हिवाळ्याची पाठ मोडते, गुहेत झोपलेले अस्वल कूस बदलते, आणि हेइक्की गवताची वाटणी करतो. कोठारात निम्मे गवत शिल्लक असेल तर गुरे वसंतापर्यंत जगतात. नसेल तर एक गाय वेळीच विकावी.

बाबांनी पहिल्या वर्षी दोनशे ऐंशी जोड आणले. हेइक्कीच्या दिवशी मोजले तेव्हा एकशे बेचाळीस उरले होते. त्यांनी पाइप पेटवला.

“निम्म्याहून दोन जास्तच,” ते आईला म्हणाले. “निभावलं बघ.”

“अहो, हे गवत नाही,” आई म्हणाली. “उरलेलं खाणार कोण?”

मे महिन्यात एकशे तीस जोड उरले होते. आईने गाय विकली.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. गवत उरले तर ते अन्न असते, आणि बूट उरले तर ते नुसते बूट असतात, एवढे मला त्या गाईच्या पाठमोऱ्या शेपटीने शिकवले. पण बाबा शेवटपर्यंत निम्मी शिल्लक दिसली की खूश होत. त्या आनंदापायी घरातल्या दोन्ही गाई गेल्या.

या धंद्याची अडचण अशी. पुढच्या हिवाळ्याचा माल या हिवाळ्याचे बर्फ वितळण्याआधी मागवावा लागतो. एक मार्चपर्यंत कागद गेला तर शेकडा आठ सूट मिळते. उशीर झाला तर कारखाना उन्हाळी सपातांच्या मागे लागतो आणि आपल्याला विसरतो. किती बर्फ पडेल, कोणाचे पाय सुजतील, कोण काम शोधायला डेट्रॉइटला निघून जाईल, यातले काही ठाऊक नसताना आपण लिहायचे : नऊ नंबर, रुंद, काळे, चोवीस. चूक असेल तर ती आठ महिन्यांनी खोक्यांतून घरी येते.

कलम ३. माझी चूक. चौतीस सालच्या शरदात बाबा गेले आणि दुकान माझ्याकडे आले. मी सतरा हिवाळे बरे चालवले. १९५१ साली मला वाटले आपण फार हुशार आहोत. मी जाहीर केले की दरवर्षी हेइक्कीच्या दिवशी सगळ्या बुटांवर शेकडा पंचवीस सूट. पहिल्या वर्षी फळ्या रिकाम्या झाल्या. मी दारात उभी राहून गावाला वेलदोड्याचा पाव वाटला.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात कोणी आले नाही. डिसेंबरात लोक आले, बूट पायात घालून बघितले, आरशात बघितले, खोक्यावरचा नंबर पाठ केला आणि उठले. “येते हं, आउने. एकोणीस तारखेला.” गावाने अडीच महिने ओले पाय सोसले. जुन्या बुटांत पाणी शिरू नये म्हणून मोज्यांवर पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. माझी शेजारीण हिल्या केम्पाइनेन हिने सत्तावीस हिवाळे ह्या पिशव्यांत काढले. ती रस्त्याने जाताना आवाज यायचा. नवरा लाकडाच्या वखारीचा मालक, पण हिल्या पूर्ण किमतीला बूट घेणार नाही म्हणजे नाही.

मी सूट बंद करू शकले असते. पण दिलेला शब्द मागे घेणे आमच्या घरात नव्हते. मी शब्द पाळत राहिले आणि गाव पाय भिजवत राहिले. याला मी इतकी वर्षे सचोटी म्हणत होते.

कलम ४. सेन्याची वही. सेन्या सात वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, माझ्याकडे आली. त्याआधी ती कॅल्युमेटच्या शाळेत गणित शिकवत होती. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले आणि दार बंद झाले की ही वहीत काहीतरी लिहिते.

“उधारी कोणाची लिहितेस?” मी विचारले.

“उधारी नाही, मावशी. ती बाई काय मागत होती ते लिहिते.”

“आपल्याकडे नव्हतं ना ते?”

“नव्हतं.”

“मग जे नाही ते लिहून काय करायचं?”

सेन्याने फळीकडे बोट केले. तिथे माझ्या वह्या होत्या, दर हिवाळ्याची एक, विकलेला प्रत्येक जोड तारखेसकट. “तुझ्या वह्यांत आपल्याकडे जे होतं तेवढंच आहे. वही म्हणते, गावाला काळे आवडतात. मावशी, सहासष्टचे जांभळे सोडले, तर आपण दुसरे ठेवलेत कधी?”

मी तिला कॉफी टाकायला पाठवले.

मागच्या फेब्रुवारीत तिने ती वही माझ्यासमोर उघडली. सहा वर्षांचे नकार होते. त्यांत बुटांची नावे नव्हती, गुण होते. चवडा रुंद. पोटरीला सैल. आतला लोकरीचा नमदा काढून शेगडीमागे वाळवता येईल असा. मागच्या बाजूला चेन, म्हणजे वाकता न येणाऱ्याला ओढता येईल. आणि लाल : एकतीस वेळा.

“नखरे,” मी म्हणाले. “बर्फात चालायचं, नाचायचं नाही.”

“मावशी, रविवारी चर्चमधून निघताना जरा बघ.”

मी बघितले. आत जाताना सगळे बूट दालनात काढतात. एकशे चाळीस जोड, सगळे काळे, सगळे माझ्या दुकानातले. प्रार्थनेनंतर अख्खे गाव ओणवे होऊन स्वतःचे बूट शोधत होते. पाद्रीबुवा दोन वेगवेगळे घालून निघून गेले. मी अकरा मिनिटे शोधले आणि घरी आले ती कोणा तिसऱ्याच्याच बुटांतून. डाव्यात खडा होता. हे दर रविवारी होत असे. दर रविवारी मी त्या गर्दीत ओणवी असे. मला एकदाही वाटले नव्हते की हे माझ्यामुळे होते आहे.

घरी येऊन खडा टेबलावर ठेवला. सेन्या म्हणाली, “एक तृतीयांश ऑर्डर मला लिहू दे.”

आम्ही कागद केला. दोनशे सत्तर जोडांपैकी नव्वद तिचे, एकशे ऐंशी माझे. हेइक्कीच्या दिवशी तिच्या नव्वदांतले निम्म्याहून जास्त उरले, तर ती वही बंद करेल, मी दुकान आवरेन आणि जुन्या मृत्युपत्राप्रमाणे जागा रेइनोला जाईल. कमी उरले, तर दुकान तिचे. खाली दोघींच्या सह्या. तो कागद गल्ल्यात आहे.

मग पुरवठादाराचा माणूस आला, क्लेटन ओबर्ग. हा स्वीडिश गृहस्थ दर फेब्रुवारीत नमुन्यांच्या दोन पेट्या घेऊन येतो आणि अठ्ठावीस वर्षे मला तयार खोकी विकतो. खोक्यात बारा जोड, मापे कारखान्याने ठरवलेली. मधली मापे पंधरा दिवसांत जातात. टोकाची उरतात. बायकांच्या प्रत्येक खोक्यात १९५८ पर्यंत एक सहा नंबर अरुंद असायचाच; आता तो फक्त सुटा मिळतो. हा पाय या जिल्ह्यात कोणालाही नाही.

“खोकी नकोत,” सेन्या त्याला म्हणाली. “सुटे जोड. ही यादी.”

ओबर्गने यादी वाचली. “ताई, सुट्या जोडांवर आठ टक्के मिळत नाहीत.”

“ठाऊक आहे. न विकल्या जाणाऱ्या जोडावर आठ टक्के घेऊन मी काय करू?”

ओबर्गने माझ्याकडे बघितले. मी खिडकीबाहेर बघितले. मला हसू येत होते आणि ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.

कलम ५. एकोणीस जानेवारी. ऑक्टोबरातच सेन्याने खिडकीत पाटी लावली होती : हेइक्कीच्या दिवशी सूट आहे, शब्द म्हणजे शब्द, पण बुटाच्या एकाच गुणावर, आणि कोणत्या ते त्या दिवशी चिठ्ठी सांगेल.

“हा जुगार आहे,” हिल्या दारातूनच मला म्हणाली. “तुझे वडील असते तर पाटी फोडली असती.”

“काकू, अस्वल कुठल्या कुशीवर वळणार ते आधी कोणी सांगतं का?” सेन्या म्हणाली. “गावाला सूट कशावर ते ठाऊक असतं, म्हणून गाव थांबतं.”

मी धरून चालले की दुकान बुडाले. आणि नोव्हेंबरात लोक येऊ लागले! ज्यांना लाल हवे होते त्यांना लालवर चिठ्ठी निघेल याची खात्री नव्हती. थांबावे तर माप संपेल. ते घेऊन गेले. पूर्ण किमतीला, कोरड्या पायांनी, डिसेंबर उजाडायच्या आत. मी तिसऱ्या दिवशी दारात खुर्ची टाकली आणि मोजत बसले.

एकोणीस तारखेला सकाळी सात वाजता आम्ही शिल्लक मोजली. माझ्या भावाचा मुलगा रेइनो ग्रीन बेहून मुद्दाम आला होता. तिथे त्याचे स्वस्त मालाचे मोठे दुकान आहे. त्याने मोजले, मी लिहिले. सेन्याचे नव्वद : उरले अकरा. माझे एकशे ऐंशी : उरले शहाण्णव.

निम्म्याहून सहा जास्त. बाबा असते तर पाइप पेटवला असता.

“आत्या, हरलीस तू,” रेइनो म्हणाला.

“हो ना रे! बघितलंस का? अकरा!”

त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मग सेन्याने जास्त उरलेल्या गुणांच्या चार चिठ्ठ्या केल्या आणि चामड्याच्या जाड हातमोज्यात टाकल्या. काळे. लेसवाले. आखूड. अरुंद. चारही चिठ्ठ्या माझ्या ऑर्डरवर टीका होत्या.

दार उघडले तेव्हा रांग बँकेच्या कोपऱ्यापर्यंत होती, आणि लोक हसत होते. आधीच बूट घेऊन गेलेलेसुद्धा आले होते, नुसते चिठ्ठी बघायला. रांगेत पहिली हिल्या, पायांत पिशव्या. तिच्याकडूनच चिठ्ठी काढायला लावली. तिने हातमोजा हलवला, कान लावला, हात घातला.

“अरुंद,” तिने वाचले. मग परत वाचले. “अरुंद? आणि माझे पाय काय कुऱ्हाडीने तासू?”

दुकान इतके हसले की खिडकीवरचे बर्फ खाली आले. त्या हशात मागून कोणीतरी हात वर केला. इस्पितळातली नवी परिचारिका, कोरासोन, फिलिपिन्सहून आलेली, दोन हिवाळे झाले. तिच्या पायांत लहान मुलांचे बूट होते. निळे, वर ससे.

“सहा नंबर, अरुंद,” ती म्हणाली. “मी आधी तीनदा विचारून गेले.”

सेन्याने वही उघडली. “चार नोव्हेंबर. अठ्ठावीस नोव्हेंबर. नऊ डिसेंबर. हो, तीनदा. सॉरी, आपल्याकडे अरुंदमध्ये सातपासून पुढेच आहेत. सहा नाही.”

होता. सहा नंबर, अरुंद, १९५८ सालचा, वरच्या माझ्या कपाटात. एका खोक्यातून उरलेला शेवटचा. दरवर्षी मोजायचा, दरवर्षी परत ठेवायचा. ७१ साली मी कंटाळले आणि मृत्युपत्रात लिहिले : हा जोड माझ्या पायांत घालून मला पुरावे, बसत नसेल तर मागची शिवण उसवावी, म्हणजे शिल्लक शून्य होईल. मग तो फळीवरून काढला, कपाटात ठेवला आणि वहीतून खोडला. कोणाला सांगितले नाही. आणि खाली एक मुलगी सशांचे बूट घालून तीनदा रिकाम्या हाताने गेली.

मी जिना चढले. डॉक्टरांनी सावकाश चढायला सांगितले आहे. त्या दिवशी विसरले. खोके घेऊन उतरले. सेन्याने झाकण काढले आणि खोक्यावरचे मोठ्याने वाचले. “काळे. लेसवाले. आखूड. अरुंद.” तिने हातमोज्याकडे बघितले. “मावशी! चारही!”

कोणतीही चिठ्ठी निघाली असती तरी त्या जोडाला सूट लागली असती. मला खुर्ची आणून दिली.

कोरासोन बसली, बूट चढवले, लेस बांधली, उभी राहिली आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. टाच हलली नाही. पंचेचाळीस हिवाळ्यांत मी इतका बेतून बसलेला बूट बघितलेला नाही.

“आत्या, एकवीस वर्षांचा माल,” रेइनो म्हणाला. “फुकट देऊन टाक.”

“फुकट नको,” कोरासोन म्हणाली. “पावती द्या.”

खोक्यावर अकरा डॉलर होते. शेकडा पंचवीस वजा. सव्वाआठ. पावती मी लिहिली. आकडे वाकडे आले, आणि मला ओरडावेसे वाटत होते. म्हणून ओरडले. काय ओरडले ते वकील साल्मेला यांनी इथे लिहिलेले नाही.

हिल्या तोवर खुर्चीवर बसली होती. तिने एक जुना बूट काढला, पिशवी काढली, मोजा पिळला. मग दुसरा.

“उरलेल्या चिठ्ठ्या कधी काढणार?” तिने विचारले.

“दर शनिवारी एक,” सेन्या म्हणाली. “पण तुमच्या मापाचा, मागच्या चेनचा एकच जोड आहे, काकू. लाल. त्याच्या एकाही गुणाची चिठ्ठी हातमोज्यात नाही.”

हिल्याने लाल जोड उलटासुलटा केला. नखाने तळ खरवडला.

“पूर्ण किंमत?”

“पूर्ण.”

“पिशवीत घालू नको,” हिल्या म्हणाली. “घालूनच जाते.” दारात ती वळली. “पुढच्या वर्षी मी फसणार नाही.”

“मग ऑक्टोबरात या.”

कलम ६. रेइनो. माझा भाऊ तोइवो याचा मुलगा रेइनो लाम्पिनेन याला मी तोइवोलाचे शेत, त्यावरचे कोठार, तळ्याकाठचे वाफेच्या स्नानाचे सौनाघर आणि माझ्या बँकेतल्या शिलकेचा अर्धा भाग देते. रेइनो वाईट नाही. दर हिवाळ्यात तो मला सांगतो, “आत्या, सगळ्यावर साठ टक्के लाव, दोन दिवसांत दुकान मोकळं, जागा विक, माझ्याकडे राहायला ये.” यातले शेवटचे तो मनापासून सांगतो. पण सगळ्यावर साठ टक्के लावणाऱ्याने आपण काय आणले होते आणि का आणले होते हे कधी बघितलेले नसते. कोठाराच्या भिंतीवर बाबांनी निम्म्या गवताची खूण कोरलेली आहे. ती पुसू नये. गवतासाठी ती बरोबर आहे.

या मृत्युपत्राला जो कोणी हरकत घेईल त्याला १९६६ सालचे जांभळे बूट द्यावेत. तेवीस जोड आहेत. ते मला ओबर्गने विकले होते. वर्षानुवर्षे मी त्याला तेच सांगत आले आहे, आणि इथेही सांगते.

कलम ७. वह्या आणि हत्यारे. माझ्या पंचेचाळीस वह्या सेन्याला हव्या असल्या तर तिच्या, नको असल्या तर रेइनोने सौना पेटवायला न्याव्यात. चामडे ताणायचा लाकडी साचा सेन्याचा. सेन्याची वही सेन्याचीच आहे. ती इथे लिहिली, कारण माझ्या सगळ्या मिळकतीत तेवढी एकच गोष्ट मौल्यवान आहे आणि ती माझी नाही.

कलम ८. पुढच्या हिवाळ्याची ऑर्डर. वकील साल्मेला म्हणतात हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवा, चवडा जरा रुंद करा.

कारण असे. वीस तारखेला मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले तर मिळकत कोर्टात अडकेल, सही करायला कोणी राहणार नाही, एक मार्च उलटेल आणि ऑक्टोबरात सेन्या रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहील. दुकान देऊन माल न देणे म्हणजे गाईशिवाय दावे देणे. म्हणून आजपासून सेन्या दुकानात निम्म्या हिश्शाची भागीदार आहे. तिची एकटीची सही चालेल. आणि दोनशे सत्तर जोडांची ऑर्डर आम्ही दोघींनी सही करून आज सकाळी ओबर्गच्या हातात दिली. प्रत सोबत जोडली आहे. तयार खोके एकही नाही. बँकेतल्या शिलकेचा उरलेला अर्धा भाग तिच्या किमतीसाठी राखून ठेवला आहे.

यादी सेन्याने लिहिली. एक ओळ माझी आहे. सहा नंबर, अरुंद, लाल, नमदा निघणारा, दोन जोड.

“दोन कशाला, मावशी?” सेन्याने विचारले. “कोरासोन एकटीच आहे.”

“एप्रिलात तिची बहीण येते आहे. तिचंही तेच माप.”

“तुला कसं कळलं?”

“मी विचारलं तिला.”

सेन्याने पेन्सिल खाली ठेवली. मी इतकी वर्षे दुकान चालवले आणि बूट न घेता निघालेल्या माणसाला पहिल्यांदाच काही विचारले होते. कोरासोन बूट दुरुस्तीबद्दल विचारायला आली होती. तिला थांबवून पाव दिला आणि विचारले. इतके सोपे आहे!

मी ऑक्टोबरात ती खोकी उघडायला असावे अशी माझी फार इच्छा आहे. डॉक्टर म्हणतात, दहांत सात जण उठतात. दहांत सात जोड हेइक्कीच्या आधी गेले तर मी त्याला उत्तम हिवाळा म्हणते. पण तिघांचे काय, ते लिहून ठेवावे लागतेच.

कलम ९. माझा देह. चर्चच्या टेकडीवर, आई-बाबांशेजारी. जमीन गोठलेली असेल तर वसंतापर्यंत थांबावे, मला घाई नाही. कॉफी गरम असावी आणि पाव ताजा. पाहुण्यांनी बूट दालनात काढावेत. या वर्षी ते ओळखू येतील.

७१ सालच्या कागदात माझ्या पायांत घालायला जो जोड ठेवला होता तो विकला गेला. त्यामुळे पायांत काही घालू नये. राखाडी लोकरीचे मोजे पुरेत. माझे माप नऊ, रुंद. त्या दिवशी फळीवर नऊ रुंद उरला असेल तर त्याला हात लावू नये, तो गिऱ्हाइकाचा आहे. उरला नसेल, तर सेन्याने वही उघडावी, तारीख घालावी आणि माझी ओळ लिहावी : नऊ, रुंद. मागितला, नव्हता.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. पान चारवरची खाडाखोड वकिलांची आहे.

सही : आउने लाम्पिनेन

आम्ही खाली सही करणारे, आउने लाम्पिनेन यांनी आमच्या समक्ष सही केली याचे साक्षीदार आहोत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा कायदा आहे, म्हणून तिने आम्हा दोघांना काही दिलेले नाही, आणि त्याचा तिला आनंद होताना आम्ही पाहिला आहे.

साक्षीदार पहिली : हिल्या केम्पाइनेन, क्विन्सी स्ट्रीट. पूर्ण किंमत दिली. पाय कोरडे आहेत.

साक्षीदार दुसरा : क्लेटन ओबर्ग, फिरता विक्रेता. ऑर्डर मिळाली. जांभळ्या बुटांबद्दल दिलगीर आहे.

टंकलेखन व मसुदा : एल्मर साल्मेला, वकील.

ठिकाण : दुकानाचा काउंटर, हॅनकॉक, मिशिगन.
तारीख : ९ फेब्रुवारी १९७९, सकाळी अकरा. बाहेर बर्फ पडत आहे. दार उघडे आहे, आत दोन गिऱ्हाइके थांबली आहेत, सबब इथे थांबते.